लहान मुलांसह मुंबईला सुट्टीवर येताना: एका आईच्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर

नेदरलँड्समधील आइंडहोवन येथे राहणाऱ्या एका आईचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी साडेचार वर्षांची असून येत्या वसंतात पाच पूर्ण करील आणि मुलगा दहा महिन्यांचा आहे. मागच्या जुलैत हे कुटुंब मुंबईला आले, तेव्हा आखाती देशातील विमानतळावर पुढचे विमान चुकले आणि बाळाच्या दुधाची पावडर मोठ्या बॅगेत राहिल्यामुळे रात्रभर हाल झाले. मुंबईत विमान उतरताना बाळ कान धरून रडत राहिले. तिसऱ्या दिवशी मुलीला जुलाब-उलट्या सुरू होऊन सलाइन लावण्यासाठी रुग्णालयात दाखल करावे लागले. उरलेली सुट्टी ‘काय खाऊ घातलेत’ या वादात गेली. पुन्हा यावे की आजी-आजोबांनाच तिकडे बोलवावे, यावे तर केव्हा यावे आणि काय तयारी करावी, असे त्यांनी विचारले आहे. पती सुरुवातीला सोबत नसतील आणि तिकिटे अद्याप काढलेली नाहीत.

मी मुंबईत दादर-माहीम परिसरात बालरोगतज्ज्ञ म्हणून अनेक वर्षे काम करीत आहे. जुलै-ऑगस्ट आणि डिसेंबर-जानेवारी या दोन हंगामांत माझ्या दवाखान्यात परदेशातून आलेली मुले मोठ्या संख्येने येतात. माझे उत्तर ‘अवश्य या’ असे आहे, मात्र एक गोष्ट मनाशी पक्की करून या. प्रवासवैद्यकात हे सर्वमान्य आहे की, पर्यटक म्हणून भारतात येणाऱ्यांपेक्षा नातेवाइकांना भेटायला येणाऱ्या कुटुंबांत विषमज्वर आणि हिवतापासारखे आजार अधिक आढळतात. त्याचे कारण सरळ आहे. पर्यटक परक्या देशात जातो आहे या जाणिवेने लस घेतो, पाणी जपून पितो आणि विश्रांतीचे दिवस राखून ठेवतो. आपण मात्र घरी चाललो आहोत या भावनेने येतो. तुमचे बालपण मुंबईच्या पाण्यावर गेले असले तरी तुमच्या मुलांची पोटे, झोपेच्या वेळा आणि लसीकरणाची नोंदवही हे सगळे डच आहे. त्यामुळे बेत आखताना त्यांना पाहुणे समजावे लागते. मागच्या वेळी जे घडले त्याचा बराचसा भाग दुर्दैवाचा नव्हता, बेताचा होता.

प्रथम वेळेचा विचार करू. नेदरलँड्समध्ये मूल पाच वर्षांचे झाल्यानंतरच्या महिन्याच्या पहिल्या दिवसापासून शाळा कायद्याने सक्तीची होते आणि त्यानंतर सुट्टीखेरीज मुलाला प्रवासाला नेल्यास दंड होऊ शकतो. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत असेल. तिथल्या प्राथमिक शाळेची सहा आठवड्यांची उन्हाळी सुट्टी नेमकी आपल्या पावसाळ्यात येते, म्हणजे गॅस्ट्रो, कावीळ, हिवताप, डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिस यांच्या भर हंगामात. तुमची मुलगी अजून पाच वर्षांची झालेली नाही. म्हणून शाळेशी आधी बोलून जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत तीन आठवडे येण्याची सवलत तुम्हाला यंदाच आहे आणि ती सोडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. या दिवसांत मुंबईची हवा धुळीने जड असते व खोकला होतो हे खरे, परंतु खोकला आणि जुलाब यांतून निवडायचे असेल तर तेरा महिन्यांच्या बाळासाठी मी खोकला निवडीन. शिवाय जानेवारीत बाळ तेरा महिन्यांचे असेल, वजन व उंची बेताची असल्यास विमानातील पाळण्यात मावू शकेल, कंपनीला आधी विचारा. जुलैत ते दीड वर्षाचे झालेले असेल, पाळण्यात मावणार नाही, मांडीवर बसणार नाही आणि मधल्या वाटेने धावत सुटेल. एक व्यावहारिक सूचना इथेच देतो. मांडीवरच्या बाळाचे तिकीट दोन वर्षे पूर्ण होईपर्यंतच चालते आणि मुक्कामातच दुसरा वाढदिवस आला तर परतीसाठी स्वतंत्र आसन घ्यावे लागते. पुढील वर्षी डिसेंबरात येण्याचा विचार केलात तर हे ध्यानात ठेवा.

तिकीट शक्यतो थेट विमानाचे घ्या. ॲमस्टरडॅमहून मुंबई साधारण साडेआठ ते नऊ तासांवर आहे. वाटेत बदलावे लागणारे तिकीट काही हजार रुपयांनी स्वस्त पडत असले तरी दोन मुलांसह एकट्या आईने ते घेऊ नये. घ्यावेच लागले तर दोन विमानांमध्ये किमान तीन तासांचे अंतर ठेवा आणि दोन्ही टप्पे एकाच आरक्षणात असू द्या, म्हणजे पुढचे विमान चुकल्यास कंपनीला तुमची सोय करावी लागते. हा माझा विषय नव्हे, परंतु अनेक पालकांना ठाऊक नसते म्हणून सांगतो. युरोपीय संघातील विमानतळावरून सुरू झालेल्या, एकाच आरक्षणाच्या प्रवासात कंपनीच्या कारणाने अंतिम ठिकाणी तीन तासांहून अधिक उशीर झाला आणि अंतर ३,५०० किलोमीटरपेक्षा जास्त असले, तर २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमावलीनुसार प्रवाशाला साधारणतः ६०० युरो भरपाई मागता येते. वाट पाहण्याच्या काळातील जेवण आणि मुक्कामाची जबाबदारीही कंपनीचीच असते. मागच्या जुलैचे तुमचे कागद जपून ठेवले असतील तर मागणी करून पाहा. मुंबईहून बिगरयुरोपीय कंपनीने परतताना मात्र हा नियम लागू होत नाही.

हातातल्या पिशवीत काय असावे याचा हिशेब प्रवासाच्या तासांवर करू नये, प्रवासाचे तास अधिक एक पूर्ण दिवस असा करावा. दुधाची पावडर, औषधे, डायपर आणि प्रत्येक मुलाचे दोन कपड्यांचे जोड, तसेच आईचाही एक जोड, कारण बाळ उलटी करते ती आईच्या अंगावर. द्रवपदार्थांवरील १०० मिलिलिटरची मर्यादा बाळाच्या दुधाला आणि अन्नाला लागू नसते. प्रवासापुरते ते बरोबर नेता येते, फक्त तपासणीच्या वेळी वेगळे काढून दाखवावे लागते.

कान दुखण्याचे कारण समजले तर उपाय आपोआप सुचतो. उड्डाणात विमानाच्या आतील हवेचा दाब सुमारे सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितका कमी ठेवलेला असतो. उतरताना तो वाढू लागतो तेव्हा घसा व मधला कान यांना जोडणारी अरुंद नळी उघडली नाही तर पडदा आत ओढला जातो. ही नळी गिळताना उघडते आणि झोपेत गिळणे कमी होते. म्हणून विमान उतरण्याच्या सुमारे अर्धा तास आधी, म्हणजे खाली येण्यास सुरुवात होताच, बाळाला जागे करून स्तनपान किंवा बाटली द्यावी आणि मोठ्या मुलीला घोट घोट पाणी किंवा चघळायला काही द्यावे. बहुतेक पालक नेमके उलटे करतात. बाळ कसेबसे झोपले आहे म्हणून त्याला हलवत नाहीत आणि आकाशातच सगळे दूध पाजून संपवतात. शेवटची बाटली राखून ठेवा. नाक चोंदलेले असेल तर त्याआधी सलाइनचे थेंब घालावेत. सर्दी आहे म्हणून प्रवास रद्द करण्याची गरज सहसा नसते, मात्र कान आधीच दुखत असेल तर निघण्यापूर्वी तपासून घ्यावे.

मूल विमानात झोपावे म्हणून सर्दीचे किंवा ॲलर्जीचे गुंगी आणणारे औषध देण्याची प्रथा आपल्याकडे बोकाळली आहे. ती मला अजिबात मान्य नाही. काही मुले या औषधांनी झोपण्याऐवजी अधिकच चेकाळतात आणि दोन वर्षांखालील मुलांमध्ये प्रोमेथाझिनसारख्या औषधाने श्वास मंदावण्याचा धोका असल्यामुळे ते निषिद्ध आहे. नऊ तास रडणारे मूल त्रासदायक असते, पण धोक्यात नसते.

आता लसींविषयी. निघण्यापूर्वी किमान सहा आठवडे प्रवासलसीकरण केंद्रात जा. नेदरलँड्सच्या वेळापत्रकात गोवर-गालगुंड-रुबेलाची पहिली मात्रा चौदाव्या महिन्यात असते. भारतात गोवर अजून आहे, त्यामुळे बाळाची ती मात्रा प्रवासापूर्वी पुढे ओढून घ्या. बारा महिन्यांनंतर दिलेली मात्रा नियमित म्हणून मोजली जाते, त्याआधी दिलेली अतिरिक्त समजली जाते. हेपेटायटिस ए म्हणजे पाण्यातून होणारी कावीळ, तिची लस पहिल्या वाढदिवसानंतर दोन्ही मुलांना देता येते. बीसीजी ही क्षयरोगाची लस तिथे सरसकट देत नाहीत, परंतु पालक क्षयरोगाचे प्रमाण जास्त असलेल्या देशातील असतील तर मुलांना दिली जाते. तुमच्या मुलांना मिळाली आहे का ते पाहा. विषमज्वराची जुन्या पद्धतीची लस दोन वर्षांपुढेच चालते, म्हणून मुलीला ती तिथे निघण्यापूर्वी दोन आठवडे घेता येईल. आपल्याकडे सहा महिन्यांपासून चालणारी संयुग्मित लस मिळते. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ मध्ये ती सार्वजनिक मोहिमेत मुलांना दिली होती. बाळाला ती मुंबईत देता येईल. तिचा परिणाम दिसू लागण्यास काही आठवडे लागत असल्याने या मुक्कामात तिच्यावर विसंबता येणार नाही, पण पुढच्या भेटींसाठी ती उपयोगी पडेल.

यापुढचा विषय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो म्हणजे मुंबईतले पहिले चार दिवस. हिवाळ्यात नेदरलँड्सपेक्षा आपले घड्याळ साडेचार तास पुढे असते. मुंबईत मध्यरात्र झाली तेव्हा तुमच्या मुलांच्या शरीरात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. शरीर दिवसाला साधारण एक तास या गतीने जुळवून घेते, म्हणजे चार-पाच दिवस मुले रात्री एक-दोनपर्यंत जागणार आणि सकाळी उठणार नाहीत हे गृहीतच धरावे. त्यात युरोपातून येणारी बरीच विमाने मध्यरात्रीच्या आसपास उतरतात. अशा मुलांना दुसऱ्या दिवशी सकाळी आठला उठवून, नवे कपडे घालून, चार घरी पाया पडायला नेले की ती नीट जेवत नाहीत, रडतात, आणि रडू नये म्हणून कोणीतरी काहीतरी हातात देतो. तिसऱ्या दिवशीच्या जुलाबांचा उगम अनेकदा या ‘काहीतरी’त असतो. माझे सांगणे असे की, पहिले चार दिवस एकाच घरात राहा, कोणाकडे जाऊ नका, सकाळी नऊच्या सुमारास मुलांना उठवून गॅलरीत किंवा मैदानात उजेडात न्या आणि दुपारची झोप दोन तासांवर जाऊ देऊ नका. माहेर-सासर यांतील वाटणीही दर दोन दिवसांनी न करता आठवड्याच्या हिशेबाने करा. डोंबिवली ते दादर हे अंतर मोठ्यांना किरकोळ वाटते, पण दर वेळी झोपण्याची जागा, पाणी आणि अन्न बदलते ते मुलांचे.

हे आजी-आजोबांना सांगणे अवघड असते याची मला कल्पना आहे. वर्षभर वाट पाहिलेली असते, शेजारीपाजारी, मावश्या आणि काका यांना ‘नातवंडे आली’ असे दाखवायचे असते. निघण्यापूर्वीच फोनवर स्पष्ट सांगा की पाचव्या दिवसापासून सगळ्यांनी यावे आणि हे डॉक्टरांनी बजावले आहे. दोष माझ्यावर ढकला, त्यासाठी आमचा पेशा उपयोगी पडतो. आजीला केवळ मनाई करण्यापेक्षा काम द्या. या चार दिवसांत मऊ वरणभात, मेतकूट-तूप, ताजी पोळी आणि सोललेली केळी हे तिच्याच हातचे असावे आणि इतर कोणाचे नसावे, असे म्हटले की ती स्वतःच दारावर पहारा देते.

पाण्याबद्दल मुंबईकर दुखावले जातात, म्हणून कारण सांगतो. भातसा, तानसा, वैतरणा या जलाशयांचे पाणी भांडुप येथील संकुलात शुद्ध होऊन निघते तेव्हा ते चांगले असते. परंतु आपल्याकडे पाणी ठरावीक वेळीच सोडले जाते. उरलेल्या वेळी नळ्यांतील दाब उतरला की जुन्या, झिरपणाऱ्या जलवाहिन्या आजूबाजूचे दूषित पाणी आत ओढून घेतात. त्यानंतर ते इमारतीच्या खालच्या आणि गच्चीवरच्या टाक्यांत साठते, आणि त्या शेवटच्या केव्हा धुतल्या हे सोसायटीच्या सचिवांनाही सांगता येत नाही. म्हणून घरात शुद्धीकरण यंत्र असले तरी बाळाचे पाणी खळखळून उकळून गार केलेलेच असावे आणि बाटल्या, चमचे व दात घासण्याचे पाणीही तेच असावे. बाहेर धोका तळलेल्या बटाटेवड्यात तितका नसतो जितका त्याबरोबरच्या हिरव्या चटणीत, बर्फाच्या गोळ्यात, कापून ठेवलेल्या फळांत आणि पाणीपुरीच्या पाण्यात असतो. मुलीला गरम वडा खाऊ द्या, चटणी तुम्ही खा.

इतके करूनही जुलाब झालेच तर घाबरू नका, कारण मुलाला इजा होते ती पाणी व क्षार कमी झाल्यामुळे आणि ते भरून काढणे घरात शक्य असते. १९७१ च्या निर्वासितांच्या लोंढ्यात बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने हजारो रुग्ण हाताळून दाखवले. आज तेच सूत्र सुधारित प्रमाणात, जागतिक आरोग्य संघटनेच्या मान्यतेने, ‘ओआरएस’ या नावाने पाकिटात मिळते. पाकिटावर किती पाण्यात मिसळायचे ते वाचा. मोठे पाकीट एक लिटरसाठी असते आणि छोटे २०० मिलिलिटरसाठी. मोठे पाकीट पेलाभर पाण्यात ओतण्याने मूल अधिक आजारी पडते. औषधाच्या दुकानात खोक्यांत मिळणारी फळांच्या चवीची गोड पेये म्हणजे हे द्रावण नव्हे. अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्यापुढील मुलाला १०० ते २०० मिलिलिटर असे द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करावे. बाटलीभर एकदम पाजले की ते पुन्हा बाहेर येते आणि घरातली मंडळी ‘याला काहीच पचत नाही’ असा निष्कर्ष काढतात. स्तनपान व मऊ जेवण थांबवू नये आणि सोबत जस्ताचे (झिंक) औषध चौदा दिवस द्यावे. जुलाब थांबवण्याची गोळी मुलांना देऊ नये. सहा-आठ तास लघवी न होणे, डोळे खोल जाणे, मूल मलूल पडणे, शौचात रक्त येणे किंवा हिरवी उलटी होणे यांपैकी काहीही दिसले तर मात्र घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. परळचे बाई जेरबाई वाडिया रुग्णालय १९२९ पासून मुलांसाठीच आहे. तुमच्या मुक्कामाजवळ बालरुग्णांची रात्रीची सोय कुठे आहे हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक फोनमध्ये जतन करा.

पालकांचे सगळे लक्ष पाण्याकडे असते आणि घराकडे दुर्लक्ष होते. तुमचे डच घर मुलांच्या दृष्टीने बंदिस्त केलेले असेल, आजीचे घर तसे नसते, कारण तिथे तीस वर्षांत लहान मूल वावरलेले नाही. रक्तदाब, मधुमेह आणि हृदयाच्या गोळ्या टेबलावरच्या डबीत, उशाखाली किंवा पर्समध्ये असतात. मधुमेहाच्या काही गोळ्यांपैकी एकच गोळी लहान मुलाच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते आणि तो परिणाम कित्येक तासांनी दिसतो. म्हणून ‘आत्ता तर खेळतोय’ असे म्हणून थांबू नये. गोळी गिळल्याचा नुसता संशय असला तरी रिकामी पट्टी घेऊन ताबडतोब रुग्णालयात जावे आणि उलटी करवू नये. कपाटातील डांबरगोळ्या आणि डास मारणाऱ्या यंत्राची बाटली हेही तितकेच घातक आहेत. दुसरी गोष्ट न्हाणीघरातील बादलीची. तिकडे नळातून कोमट पाणी येते, इथे गिझरचे कढत पाणी आधी बादलीत सोडून मग विसण घालण्याची पद्धत आहे. त्या मधल्या दोन मिनिटांत मूल हात घालते किंवा त्यात पडते. आधी गार पाणी, मग गरम, आणि बादली भरलेली कधीही ठेवू नये एवढा नियम घरातील मावशींनाही सांगा. भाजल्यास वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावे. हळद, टूथपेस्ट किंवा बर्फ लावू नये. तिसरी गोष्ट कुत्र्यांची. युरोपात वाढलेली मुले दिसेल त्या कुत्र्याला हात लावतात. दात लागला, अगदी ओरखडा उठला, तरी साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लसीसाठी जावे, कारण रेबीज झाल्यावर उपचार नाही.

जानेवारीत येत असाल तर बाळाचे बोरनहाण होणारच. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही करता येते, तेव्हा ते दुसऱ्या आठवड्यात ठेवा आणि जावळही त्याच दिवशी उरकून घ्या. मला या समारंभाचे कौतुक आहे, पण बोरे, भुईमुगाचे दाणे, हलवा, गोळ्या हे सर्व पदार्थ तेरा महिन्यांच्या मुलाच्या श्वासनलिकेत अडकण्याच्या बरोबर मापाचे असतात, आणि आपण तेच त्याच्या भोवती उधळून फोटो काढत बसतो. बाळाच्या डोक्यावर चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या घालाव्यात, बोरे व दाणे बोलावलेल्या मोठ्या मुलांना हातात द्यावेत आणि बाळाला लगेच उचलून जमीन झाडून घ्यावी. भुईमुगाचा दाणा अडकल्याचे कधी कधी त्या क्षणी कळतही नाही. अचानक ठसका लागून गेला आणि नंतर दिवसभर खोकला किंवा एका बाजूला घरघर राहिली तर छातीचा फोटो स्वच्छ आला तरी तपासणी अर्धवट सोडू नये.

तापाच्या औषधाची मात्रा हा परदेशी व देशी औषधे मिसळल्यामुळे होणाऱ्या अपघाताचा मोठा विषय आहे. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, किमान चार ते सहा तासांच्या अंतराने आणि दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही, असे देतात. दहा किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम हवे. आपल्याकडचे थेंब १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅमचे असतात, म्हणजे दीड मिलिलिटर पुरते. पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅमचे सिरप असेल तर तेच सहा मिलिलिटर होते, आणि २५० चे असेल तर तीन. आईने ‘आम्ही सहा मिलिलिटर देतो’ असे सांगावे आणि घरात कोणी थेंबांच्या बाटलीतून सहा मिलिलिटर काढावे, यात चौपट मात्रा जाते. म्हणून मिलिलिटर पाठ करू नका, मिलिग्रॅम पाठ करा. तिकडे गुदद्वारातून देण्याच्या औषधाची सवय असते, पण मुंबईच्या उकाड्यात त्या कांड्या पिशवीत वितळतात, तेव्हा त्या शीतकपाटात ठेवा. डेंग्यूची शक्यता संपेपर्यंत आयबुप्रोफेन हे तापाचे दुसरे औषध टाळा. तापात झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा हुंगवू नका, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबला नाही तर रुग्णवाहिका बोलवा, थांबला तरी त्याच दिवशी तपासून घ्या.

कागदपत्रांविषयी फार लिहीत नाही. मुलांचे पासपोर्ट भारतीय असतील तर ते पाच वर्षांचेच असतात हे पाहा आणि दोघांचीही निवासपत्रे हातातल्या पिशवीत ठेवा. परतताना मुंबईच्या खिडकीवर ते कार्ड मागतात आणि ते आइंडहोवनच्या कपाटात असले तर विमानात चढता येत नाही. मुलांकडे डच पासपोर्ट व ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना मिळणारे) असल्यास नवा पासपोर्ट काढल्यावर त्याची नोंद संकेतस्थळावर चढवली आहे ना, हे तपासा. पती सोबत नसल्याने त्यांच्या सहीचे संमतिपत्र, पासपोर्टची प्रत आणि जन्मदाखले जवळ असावेत. डच सीमा पोलीस हे खरोखर विचारतात आणि त्यासाठी सरकारी नमुना उपलब्ध आहे. विमानतळावरून घरी येण्यासाठी नातेवाइकांची गाडी असेल तर मुलांचे आसन विमानातून बरोबर आणा. १४ वर्षांखालील मुलांना पट्टा किंवा बाल-आसन असावे असे आपला मोटार वाहन कायदा २०१९ च्या दुरुस्तीपासून सांगतो, पण टॅक्सीत ते मिळत नाही. पुढच्या सीटवर बाळ मांडीवर घेऊन बसणे तर कोणत्याही कारणाने नको.

परतीच्या बॅगेत आजीचे तूप, पेढे किंवा खवा ठेवू नका. युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य व मांसाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे. अपवाद आहे तो बाळाच्या सीलबंद, थंडाव्याची गरज नसलेल्या दुधाच्या पावडरीचा, दोन किलोपर्यंत. लाडू करायचेच असतील तर तेलातले किंवा गुळाचे करायला सांगा. घरी पोहोचल्यावर मुले पहाटे तीनला उठतील, कारण तेव्हा मुंबईत साडेसात वाजलेले असतात. शाळा लगेच दुसऱ्या दिवशी असू नये म्हणून शुक्रवारी पोहोचणारे तिकीट घ्या.

परतल्यानंतरही एक लक्ष ठेवायचे असते. डेंग्यूचा ताप साधारण दोन आठवड्यांच्या आत येतो, विषमज्वर तीन-चार आठवड्यांनीही येऊ शकतो आणि मुंबईत आढळणारा व्हायवॅक्स हिवताप कित्येक महिन्यांनी उलटू शकतो. तिथल्या डॉक्टरांना थंडीत आलेल्या मुलाचा ताप पाहून प्रथम साधा विषाणू आठवणार आणि ते ‘तीन दिवस पाहू’ म्हणणार. त्यांची ती पद्धत एरवी उत्तम आहे. त्यामुळे पुढच्या वर्षभरात कोणत्याही मुलाला कारणाशिवाय ताप आला तर पहिल्याच फोनवर मुंबईहून परतल्याची तारीख सांगा आणि हिवतापाची रक्ततपासणी करायची का, हे स्वतःहून विचारा.